कोकिळाबाई बाटली

महाराष्ट्र होऊन तीनचार वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. मेहकराच्या अलीकडं रस्त्याला लागून मिशनचं बोर्डिंग होतं. ज्या खेड्यांत शाळा चौथीलाच संपायची तिथली पोरं इथं राहायची आणि गावातल्या शाळेत जायची. काही ख्रिस्ती घरची, बरीचशी तुमच्याआमच्या घरची. चर्चकडून दुधाच्या भुकटीचे डबे यायचे, पिवळ्या मक्याचं पीठ यायचं, तेल यायचं. आणि त्या सगळ्याचं जेवण करायची ती कोकिळाबाई.

कोकिळाबाई कुणब्याची. नवरा गेल्यावर दिराच्या घरात कोपरा धरून बसायचं तिनं नाकारलं, लेकीचा हात धरला आणि थेट बोर्डिंगच्या चुलीपाशी आली. पहिल्याच दिवशी तिनं भुकटीचं दूध विरजायला घातलं. सकाळी पाहते तर दही नाही न् दूध नाही, नुसती खळ! पोरं म्हणाली, "बाई, फेकू नका, पतंगाले कामी येते."

बोर्डिंग पाहायचे ते पाळक नीळकंठराव. आजा ख्रिस्ती झाला तरी नातवाचं नाव शंकराचंच राहिलं. रोज शाळा सुटायच्या आधी ते चुलीपाशी पाटावर बसून चहा घ्यायचे. पण "बाई, तुम्हीही आमच्यात या" असं एका शब्दानं कधी म्हणाले नाहीत. कोकिळाबाईला त्या माणसाचं तेवढंच फार वाटायचं.

लेक आशा जानेफळाला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर आपली रीतच. पण माहेर म्हणजे काय, तर बोर्डिंगच्या चुलीमागची एक खोली! व्याही हिंमतरावांनी आधी मान हलवली. मग लई विनवण्या झाल्या तेव्हा म्हणाले, "पाठवतो. पन एक ध्यानात ठेवजा, तुमी बाटल्या असं ज्या दिवशी कानावर आलं, त्या दिवशी पोरीले गाडीत घालून नेईन." आशा आली. सातवा महिना. तिथल्या सासूची वागणूक बरी होती, पण चार जावांच्या हाताखाली राबायचं, उन्हात पाणी वाहायचं. पोरीचे पाय सुजले होते. दोन महिने तिला टेकायला मिळावं, एवढीच कोकिळाबाईची आस.

आता गंमत ऐका. विहीण जनकाबाईंचे गुडघे धरायचे. कोकिळाबाईनं मिशनच्या दवाखान्यातून चोळायच्या तेलाची बाटली मिळवली. म्हटलं, विहिणीचं मन राखलेलं बरं. पण साठ पोरांची चूल सोडून जायचं कसं? तिनं एसटीच्या कंडक्टरला, चिंतामणला निरोप दिला: "हिंमतरावले सांगजा, कोकिळाबाईकडं बाटली आली, येऊन घेऊन जा."

जानेफळाच्या फाट्यावर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नाही; बंद केलं तर धक्का मारायला माणसं कुठून आणायची? हिंमतराव हॉटेलापुढं बसलेले. चिंतामण दारात लोंबकळून ओरडला, "हिंमतराव! कोकिळाबाई..." मधलं इंजिनानं खाल्लं. "...बाटली! येऊन घेऊन जा म्हनते!"

सगळा फाटा हिंमतरावांकडं पाहू लागला. गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पोरांची पंगत बसली होती, तोच अंगणात छकडा थांबला. हिंमतराव, जनकाबाई, आणि सोबतीला भाऊबंद किसनराव. ओट्याला पाय लावायला कोणी तयार नाही.

"पोरीले आन," हिंमतराव म्हणाले. "तुमीच बोलावलं, आमी आलो."

"म्या? काऊन?"

"काऊन म्हनते पाहा! आख्ख्या फाट्यानं आयकलं, बाटली म्हनून!"

कोकिळाबाईला आधी समजेना, मग समजलं आणि हसूच फुटलं. ती आत गेली न् तेलाची बाटली घेऊन आली. "इहीनबाई, हे पाहा बाटली! तुमच्या गुडघ्याची!"

जनकाबाईंनी बाटली उलटीसुलटी पाहिली, वास घेतला. त्यांना पटलं. पण हिंमतरावांचं घोडं पुढं सरकेना. "मले पटून काय करता? गावाले काय सांगू? किसनरावासमोर तोंडानं म्हना, मी बाटली नाई न् बाटनार नाई. मंग राहू द्या पोरीले."

म्हणायला काय लागतं? पण तेवढ्यात मागून नीळकंठराव आले, चेहरा नुसता फुललेला. एसटीची बातमी त्यांच्याही कानी गेली होती. "बाई," ते म्हणाले, "मनात होतं तर मला आधी सांगायचं ना!"

इकडं आड, तिकडं विहीर. बाटणं म्हणजे घाण होणं. समोर पंगतीत ख्रिस्ती लेकरं ताटावर हात थांबवून बसलेली. याच पंगतीत एकानं दुसऱ्याला "बाटग्या" म्हटलं तेव्हा तिनंच त्याच्यावर उलथनं उगारलं होतं. आता तोच शब्द ज्यांनी छप्पर दिलं त्यांच्या तोंडावर मारायचा? न मारावा तर आत आशा, सुजल्या पायांची.

"बोला ना," किसनराव म्हणाला. "का खरंच हाये?"

"मी..." ती म्हणाली, "मी हाये तशीच हाये."

"तसं नाई. तो शब्द म्हना."

नीळकंठरावांना उमगलं. चेहऱ्यावरचं फुललेलं सगळं हळूहळू मावळलं. मग ते पुढं झाले. "हिंमतराव, ही बाई बाटली नाही. बाटलो ते आम्ही, आमच्या आज्यापासून. झालं समाधान?"

हिंमतरावांनी किसनरावाकडं पाहिलं. शेवटी जनकाबाईच म्हणाल्या, "राहू द्या पोरीले. पन इथल्या चुलीचं नको, न् इथल्या विहिरीचं नको."

"हाव," कोकिळाबाई म्हणाली.

खोलीत तिनं दुसरी चूल मांडली. घागर घेऊन गावच्या विहिरीवर गेली, तर बायांनी दोर ओढून घेतले: "तू तर बाटली ना वं?" तिथंही तिच्या तोंडून तो शब्द निघेना. मग नदीच्या वाळूत झिरा खणून ती पाणी आणू लागली. साठ पोरांचं एका चुलीवर, लेकीचं दुसरीवर. आशाला मुलगी झाली, सुखरूप झाली. सव्वा महिन्यानं सासरी गेली. दुसरी चूल मोडली.

पण नीळकंठराव काही आत येईनात. त्या दिवसापासून चहा ओट्यावरच. "आत या ना," ती म्हणायची. "नको बाई, तुम्हाला अडचण," ते म्हणायचे, अगदी मायेनं. रागावले असते तर तिनं पाय धरले असते. मायेला काय करणार?

एके दिवशी तिनं चहा ओट्यावर नेलाच नाही. कप चुलीपाशी, पाटासमोर ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

"बाई, आज चहा नाही का?" बाहेरून आवाज आला.

"हाये," ती म्हणाली. "आत हाये."

बाहेर बराच वेळ चप्पल वाजली नाही, ना आत यायला, ना परत जायला.