पॅडलवरचा पाय

ब्रेक ऑइलचा डबा उघडला की त्या वासासरशी मी सिंदीच्या आमच्या अंगणात जाऊन उभा राहतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी ताईला परीक्षेसाठी वर्ध्याला न्यायचं होतं आणि आमच्या जुन्या गाडीचं ब्रेक पॅडल नुसतंच खाली जात होतं. ब्रेकमधली हवा काढायला बाबा पाना घेऊन चाकाशी बसले आणि पॅडल दाबायला त्यांनी आईला बसवलं. दसऱ्याला पुजलेल्या गाडीला पाय लावायचा म्हणून तिनं आधी चप्पल काढली, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. "मी सोड म्हनेपर्यंत पाय उचलू नको, नाईतर हवा परत शिरते," बाबांनी बजावलं. चाकाशी लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडे आले, मग नुसतं तेल. बाबांनी पान्यानं नट आवळला आणि खुशीत हात धुवायला गेले. परत आले तर आई तशीच बसलेली, पाय पॅडलवर दाबलेला. "काऊन बसून राह्यली अजून?" "तुमी सोड म्हटलंच नाई." त्या दिवशी चहा बाबांनीच केला. आता बाबा नाहीत, चाकाशी मी बसतो. आई अजूनही चप्पल काढूनच पॅडल दाबते, आणि मी 'सोड' म्हटल्यावरही क्षणभर पाय उचलत नाही.