पित्ताच्या गोळ्या

आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या वहिनींनी शिवलेली कॉलर कधी वाकडी बसली नाही आणि नवऱ्याच्या कौतुकात त्यांची जीभ कधी थकली नाही. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सकाळी नऊच्या ठोक्याला पित्ताची गोळी घ्यायचा.

"मी लग्नाचा वाढदिवस विसरेन, पण हे गोळी नाही विसरायचे!" वहिनी कौतुकाने सांगायच्या.

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर वहिनींना दिवस गेले. दवाखान्यात सगळ्याच गरोदर बायकांचं रक्त तपासतात, तसं वहिनींचंही तपासलं. एचआयव्ही निघाला. समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवलं. वहिनींच्या डोक्यात एकच घोळत होतं, पोटातल्या जिवाचं काय?

"औषध लगेच सुरू केलं तर बाळ बहुतेक सुखरूप राहतं," बाई म्हणाल्या. "रोज एक गोळी..."

"ठरलेल्या वेळेला," नवरा बोलून गेला. "पहिले काही दिवस गरगरतं. मग सवय होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला हो हे कसं माहीत?"

मग एकेक टाका उसवत गेला. त्याला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. लग्नानंतर बायकोला दिसतील म्हणून वर्षभर गोळ्याच बंद ठेवल्या. आजारी पडल्यावर पुन्हा सुरू केल्या, पित्ताच्या डबीत भरून. थोरल्या नणंदेलाही ठाऊक होतं. हे स्थळ आणलं होतं तिनेच.

"आणि मी त्या गोळीवर रोज पाणी आणून देत होते हो!" वहिनी एवढंच म्हणाल्या.

त्यांनी स्वतःची गोळी एकदाही चुकवली नाही. मुलगी झाली. तिला औषध पाजलं, दीड महिन्याला तपासलं, सहा महिन्यांना तपासलं. नवरा दुपटी धुवायचा, पाळणा हलवायचा. वहिनी त्याच्याशी "मीठ हवंय?" यापलीकडे बोलत नसत.

दीड वर्षाची शेवटची तपासणी झाली. अहवाल सकाळीच वहिनींच्या हाती आला. मुलगी निरोगी!

"आला का गं?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

दुपारी तो जेवला नाही. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून आला आणि डोकं धरून उंबऱ्यात बसला. तेव्हा वहिनींनी कागद मुलीच्या मुठीत दिला आणि तिला बापाकडे पाठवलं.

"सकाळपासून माझ्याकडे होता," त्या आतूनच म्हणाल्या. "एक दिवस लपवताना जीव नकोसा झाला माझा. तुम्ही तीन वर्षं जेवलात कसे, झोपलात कसे?"

त्याने कागद वाचला आणि मुलीला पोटाशी धरून तो हमसून हमसून रडला. वहिनींनी मुलीला परत बोलावलं नाही. पण दारापर्यंत त्या आल्याही नाहीत.