नंबर वाटणारे आमचे हे

आमच्या ह्यांना लग्नात जेवणापेक्षा पंखा जास्त आवडतो. म्हणजे बंद पडलेला. मांडवात शिरले की आधी वर बघतात, नवरा-नवरी नंतर. एखादा पंखा कुरकुरत असला तर बरोबर त्याच्याखालची खुर्ची धरतात आणि कुणीतरी "सदाभाऊ, जरा बघता का?" म्हणेपर्यंत अक्षता टाकायलासुद्धा उठत नाहीत. आपणहून कधी हात लावणार नाहीत. बोलावलं पाहिजे. बोलावलं की मात्र भरल्या ताटावरून उठतील.

वालीवच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. तिथे दिवसभर "सदाभाऊ, मोटर बसली", "सदाभाऊ, फ्यूज उडाला". त्या हाकांवर हा माणूस पोसलेला. मग कारखाना बंद झाला आणि हे निर्मळला, आमच्या गावी, घरी येऊन बसले. मागे केळीची वाडी आहे, पण केळी काही हाक मारत नाहीत. पहिल्याच महिन्यात ह्यांनी माझा चांगला चालणारा मिक्सर दुरुस्त केला, तेव्हापासून मी चटणी पाट्यावर वाटते. मी देवाला म्हटलं, ह्यांना कुठेतरी चिकटव रे बाबा, नाहीतर आता फ्रिजची पाळी आहे.

देवानं चंद्रहासला पाठवलं. चंद्रहास आमचा केबलवाला. दोन हजार तीनच्या सुमारास त्यानं टीव्हीच्या वायरीला जोडून आणखी एक वायर माडामाडांवरून ओढली आणि घरोघर इंटरनेट द्यायला सुरुवात केली. त्या कामावर त्यानं ह्यांना घेतलं.

काम काय, तर नंबर वाटायचे. घराला जसा घरनंबर, तसा प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर आपला एक नंबर लागतो. तो नसला तर नेट चालत नाही, आणि एकच नंबर दोन घरांत गेला तर दोन्ही कॉम्प्युटर भांडत बसतात. हे स्कूटरवरून घरोघर जाऊन स्वतःच्या हातानं नंबर घालायचे. गावातले सगळे नंबर तोंडपाठ. माझा वाढदिवस मात्र दर वर्षी विचारून घ्यायचे. पोरं खेळ टाकण्याच्या नादात नंबर उडवायची, की लगेच फोन, "सदाभाऊ, नेट गेलं!" हे निघाले. गावातल्या क्लेमेंटीनकडे रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर फुगे असायचे, ताडी घालून फुगवलेल्या पिठाचे, तळून गोल टम्म झालेले. सुमनताईंकडे संकष्टीला उकडीचे मोदक. घरी आले की म्हणायचे, "भूक नाही गं." माझी भाजी तशीच. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मग चंद्रहासची गिऱ्हाइकं वाढली आणि तो म्हणाला, "सदाभाऊ, असं किती दिवस दारोदार फिरणार?" त्यानं एक प्रोग्राम आणला. तो ऑफिसातल्या मशीनमध्ये कुणाला न दिसता मागच्या मागे चालत राहायचा. घरात कॉम्प्युटर सुरू झाला की तो वायरीवरून ओरडणार, "कुणी मला नंबर देता का?" आणि हा प्रोग्राम लगेच एक मोकळा नंबर देणार. त्या नंबराची मुदत संपली की पुन्हा देणार. माणूस लागतच नाही. ह्यांनीच तो रात्रंदिवस डोकं घालून बसवला, मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि गावभर पेढे वाटले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन वर पेढे वाटणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

दुसऱ्या दिवसापासून फोन गप्प. सगळ्यांचं नेट चालू. हे दोन-दोनदा रिसीव्हर उचलून बघायचे, फोन जिवंत आहे ना. घरी जेवायला लागले, पण असे की चपातीनं काही अपराध केलाय.

महिन्याभरानं ह्यांचा चेहरा पुन्हा उजळला, कारण नेट पुन्हा जायला लागलं. पण विचित्र जायचं. क्लेमेंटीनचं फक्त रविवारी, मिस्सा सुटल्यावर. सुमनताईंचं संकष्टीला दुपारी, आणि चंद्रोदयाला परत यायचं. हे तिथे कॉम्प्युटर उघडून बसायचे, आत फुंकर मारायचे, मान हलवायचे. सुमनताईंनी विचारलं, "कधी येईल हो?" तर गंभीरपणे म्हणाले, "चंद्र दिसला की बघू." त्या माउलीला वाटलं, उपग्रहाचं काहीतरी असेल.

मलाही काही कळलं नसतं. डिसेंबरात क्लेमेंटीन मला भाजीवालीकडे भेटली. मी म्हटलं, "नाताळची तयारी काय म्हणते?"

"यंदा फुगे नाय करणार बाय," ती म्हणाली. "बेकरीतून पाव आणीन."

"का गं?"

"तळायला घेतलं की नेट जातं. तेलाचा धूर लागतो त्या कॉम्प्युटरला. सुमनताईंचं पण तसंच, त्यांना मोदकाची वाफ बाधते. त्यांनी मोदक बंद केले, ठाऊक नाय तुला?" मग नवऱ्याच्या आठवणीनं तिचा आवाज उतरला. "इग्नेशियसला मस्कतहून रजा नाय मिळाली. नाताळच्या सकाळी तो कॅमेऱ्यावर येणार. एक वर्ष झालं, तोंड नाय बघितलं त्याचं. फुग्यांपायी तो दिसायचा राहिला तर?"

मला आधी हसू आलं, आणि मग असा संताप आला की भाजी तिथेच विसरून मी घरी आले. हे फोनशेजारी बसले होते.

"क्लेमेंटीन नाताळला फुगे करणार नाही," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा पडला. "का?"

"नेटला धूर बाधतो म्हणे."

"काहीतरीच! धुराचा काय संबंध?"

"मग कशाचा संबंध आहे?"

ह्यांनी फोनची वायर बोटाला गुंडाळली. मग चोरासारखं हळूच म्हणाले, "त्या प्रोग्रामला सांगून ठेवता येतं, की अमुक घराला अमुक वेळेपर्यंत नंबर देऊ नकोस."

"आणि तुम्ही सांगितलंत? पंचांग बघून? खाण्यासाठी?"

"खाण्यासाठी नाही गं," ते म्हणाले. "कुणी बोलावतच नाही."

माझा राग अर्ध्यावरच राहिला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तरी म्हटलं, "आणि त्या बाईचा नवरा?" तसे उठले, चपला घातल्या आणि चंद्रहासच्या ऑफिसात जाऊन दोन्ही घरं मोकळी करून आले. येताना क्लेमेंटीनला सांगून आले, "बिनधास्त तळ. नेट जाणार नाही."

नाही गेलं. नाताळच्या सकाळी तिनं घाणा काढला, धुरानं घर भरलं, आणि धुरातून इग्नेशियस पडद्यावर दिसला. तिनं फुग्यांची थाळी कॅमेऱ्यापुढे धरली, तर तो तिकडे रडायला लागला म्हणे. दुपारी तिनं आमच्याकडे डबा पाठवला. ह्यांनी एक फुगा उचलून परत ठेवला.

"चांगले नाहीत का?" मी विचारलं.

"गार आहेत," म्हणाले आणि वाडीत निघून गेले.

पुढे नेट कुणाकडेच गेलं नाही. अगदी दृष्ट लागावी असं चालायचं. ह्यांनी फ्रिजकडे बघायला सुरुवात केली.

एके दिवशी हे वाडीत पाणी लावत होते. मी थालीपीठ थापलं, तव्यावर टाकलं आणि आमच्या कॉम्प्युटरची मागची वायर उपटली. मग मागच्या दारात उभी राहून ओरडले, "सदाभाऊ! अहो सदाभाऊ, नेट गेलं!"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. नाव कधी उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं. केळीत एकदम सामसूम झाली. मग हात धुतल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं पुढच्या दाराची बेल वाजली. दारात हे. हातात अवजारांची पिशवी, केस विंचरलेले.

"या," मी म्हटलं. "बसा."

ते कॉम्प्युटरमागे वाकले. लोंबणारी वायर बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि ती तशीच ठेवून बसले. मी थालीपीठ दिलं, वर लोण्याचा गोळा. दोन खाल्ली, तिसरं मागून घेतलं.

"काय झालंय हो?" मी विचारलं.

"मोठं काम आहे, वहिनी," ते हात पुसत म्हणाले. "उद्या परत यावं लागेल."