ड्रमच्या माइकात वहिनी

गप्पताईचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं सगळे म्हणतात. ते खोटं आहे. शेंड्यावर थांबण्याइतका धीर तिच्या रागाला कधीच नव्हता.

ताई पडदे शिवते. घरातली पुढची खोली तिच्या कामाची: दोन शिलाई मशिनं, कापडाचे तागे, इस्त्रीचं टेबल. तिचा धाकटा भाऊ एकदा तिथे बसून मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की एवढ्या कापडामुळे या खोलीत आवाज अजिबात घुमत नाही. लक्षात त्याच्या आलं आणि वेड लागलं ताईला. तिनं कुणाकडून तरी जुनं साउंड कार्ड मिळवलं, चार वायरी घेणारं. माइक तीन, तिन्ही स्वस्तातले, त्यातल्या एकाचं डोकं चिकटपट्टीनं धरलेलं. उरल्यासुरल्या जाड पडद्यांचे तुकडे भिंतींवर ठोकले. रेकॉर्डिंगच्या आधी पंखा बंद, फ्रिज बंद, आणि मग ताईची आरोळी: “गप्प!” त्यानंतर कुणी शिंकलं तर त्याची धडगत नसे. बँडमधल्या पोरांनी तिचं नाव गप्पताई ठेवलं ते यावरूनच. फ्रिज परत सुरू करायला ती स्वतःच विसरायची आणि नासलेल्या दुधाचा राग ड्रमवाल्यावर काढायची.

“ताई, दूध मी नाही नासवलं,” तो म्हणायचा. टायरच्या दुकानात दिवसभर बोलणी खाऊन तो सरावलेला होता.

“तुझ्या ढमढमीनंच नासलं असणार!”

बँडची गायिका म्हणजे धाकट्याची बायको. वयानं लहान असली तरी ताई तिला वहिनीच म्हणायची. वहिनी एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. शब्द तिचे, चाली तिच्या, आणि गायचीही तीच. एरवी बोलली तर शेजारच्या माणसालाही पुन्हा विचारावं लागे, पण गायला लागली की ताईचे मशिनवरचे हात थांबायचे. ताईनं हे तिला कधी बोलून दाखवलं नाही. कौतुक करायचं म्हटलं की ताईच्या पोटात दुखतं.

गाणी रेकॉर्ड झाली ती सगळ्यांनी एकत्र, एकाच खोलीत वाजवून. वेगवेगळं वाजवायला लावलं की माणसं पाठ केलेलं म्हणून दाखवल्यासारखी वाजवतात, असं ताईचं मत होतं, आणि ताईचं मत म्हणजे हुकूमच. ड्रमवर एक माइक, धाकट्याच्या गिटारच्या स्पीकरसमोर एक, वहिनीला एक. बास गिटारला माइक नव्हता, तिची वायर थेट साउंड कार्डात. वहिनीच्या माइकची वायर आखूड होती, म्हणून तिला ड्रमला अगदी खेटून उभं राहावं लागलं. लांब वायर आणायचा ताईनं आळस केला.

पण गाणी झाली मात्र अशी, की ताईनं गिऱ्हाइकांचे पडदे बाजूला टाकले. गिऱ्हाइकं दारात येऊन भांडून गेली आणि ही आपली कानाला हेडफोन लावून कुणाचा आवाज वर, कुणाचा खाली, गिटार डावीकडे थोडी की आणखी थोडी, यात बुडालेली. आयुष्यात आपल्या हातून एक गोष्ट तरी अस्सल होते आहे, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

मिक्सिंग संपत आलं आणि वहिनी धाकट्याचं घर सोडून गेली. “गेली. विषय संपला,” धाकटा म्हणाला. जाताना वहिनीनं ताईला साधा फोन केला नाही. ताईला धाकट्याचा राग आला, आणि फोन न करणाऱ्या वहिनीचाही आला.

काही दिवसांनी धाकटा आला तो काम काढूनच.

“ताई, नवी मुलगी बघितलीय गायला. हिचा आवाज काढ आणि तिचा घाल.”

“शब्द तिचे, चाली तिच्या, आणि तीच नको?”

“बँडची गाणी आहेत ती.”

“बँडनं कधी लिहिली रे? तुला साधा निरोप लिहायचा तर दहादा खोडतोस!”

पण भाऊ पडला. ताईनं तोंडानं भांडत भांडत हातानं वहिनीचा ट्रॅक बंद केला आणि गाणं लावलं. ड्रम सुरू झाले, गिटार आली, आणि वहिनी गायला लागली. बारीक, लांबून, शेजारच्या खोलीत दार लावून गात असावी तशी.

“अगं, बंद कर ना तिला!”

“बंदच आहे.”

“मग कोण गातंय?”

ताईनं एकेक ट्रॅक वेगळा लावून दाखवला. ड्रमच्या माइकात वहिनी होती. गिटारच्या माइकात वहिनी होती. फक्त बासमध्ये नव्हती. आवाज पुसायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती, तीही धाकट्यानं लावायला लावली. ड्रमच्या झांजा बादलीत बुडवल्यासारख्या वाजायला लागल्या आणि वहिनी तरीही गातच राहिली. ताईला हसू आवरेना. धाकट्यानं तिथूनच ड्रमवाल्याला फोन लावला, की परत येऊन वाजव.

“माझ्याच्यानं नाही होणार,” पलीकडून तो म्हणाला. “त्या शेजारी उभ्या राहून गात होत्या म्हणून तसं वाजलं.”

“ऐकलंस?” ताई म्हणाली. “नाही निघणार ती. आहे तसंच बाहेर येईल हे.”

“रेकॉर्डिंग माझ्या बँडचं आहे!”

“आणि खोली माझी आहे! कान माझे फुटलेत!”

मग दोघांनी लहानपणापासूनचं सगळं उकरून काढलं. जाताना धाकटा दारातून ओरडला, “रविवारी येऊन सगळ्या फाइली घेऊन जातो. एकाकडे भारीतलं सॉफ्टवेअर आहे. तो काढेल तिला मुळासकट.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ह्याच्या हाती फाइली पडल्या तर वहिनी गेली आणि आपलं कामही मातीत गेलं. शनिवारी दुपारी लॅपटॉप आणि हेडफोन पिशवीत घालून ती वहिनीचा पत्ता शोधत निघाली.

वहिनी एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहत होती. एक पलंग, एक गादी जमिनीवर, खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान. ताईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. “आधी ऐक,” म्हणाली आणि हेडफोन तिच्या डोक्यावर चढवले. सगळ्यात चांगलं गाणं लावलं. आता ही रडेल, मग आपण धाकट्याला कशी अद्दल घडवायची ते ठरवू, असा ताईचा बेत होता.

वहिनीनं कडवं संपायच्या आत हेडफोन काढले.

“ताई, मला काढून टाका यातून.”

“काय? वेडबिड लागलंय का तुला? मी तुझ्यासाठी सख्ख्या भावाशी भांडून आलेय!”

“माझ्यासाठी?” वहिनी हळू बोलते, पण या वेळी ताईला पुन्हा विचारावं लागलं नाही. “प्रत्येक टेकच्या आधी तो माझ्या कानाशी येऊन काय बोलायचा, माहितीये तुम्हाला? की तुला ताल कळत नाही, माझी लाज काढू नकोस. तुम्ही आमच्याकडे पाठ करून बसलेल्या असायचात, हेडफोन लावून. तुम्हाला यात सूर ऐकू येतो. मला तो ऐकू येतो. प्रत्येक ओळीच्या आधी.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“केव्हा सांगायचं? तुम्ही ‘गप्प’ म्हणायचात आणि मी गायला लागायचे.”

ताईनं हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली.

“गाणी घेऊ देत त्याला,” वहिनी म्हणाली. “मी नवी करीन. पण त्याच्या गिटारीमागे माझा आवाज नको. बारीकसुद्धा नको. त्या भारीतल्या सॉफ्टवेअरवाल्याकडेही नको. तुम्हाला मला वाचवायचंय, ताई, की तुमचं रेकॉर्डिंग?”

रस्ताभर ताई धुमसत होती. धाकट्यावर, स्वतःच्या पाठीवर, वहिनीच्या त्या शेवटच्या वाक्यावर. त्या वाक्याला तिनं मनात पन्नास उत्तरं दिली आणि एकही टिकलं नाही. खरं उत्तर होतं ‘रेकॉर्डिंग’, आणि ते तिला ठाऊक होतं म्हणूनच तिचा एवढा संताप होत होता.

घरी येऊन तिनं आधी ड्रमवाल्याला फोन केला. त्याच्याही घामाचा प्रश्न होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “करा, ताई.” मग तिनं वहिनीचे ट्रॅक पुसले. ते सोपं होतं. ड्रमच्या ट्रॅकवर तिचा हात अडला. तिनं स्वतःलाच एक शिवी हासडली आणि तेही पुसले. मग गिटार. मग दुसऱ्या डिस्कवरची कॉपी. मग तिनं मशिनवर बसून एका गिऱ्हाइकाचा पडदा शिवला, आणि तो इतका वाकडा शिवला गेला की सगळा उसवावा लागला.

रविवारी धाकटा आला. त्यानं गाणं लावलं. नुसता बास वाजत होता, एकटाच, वाट चुकलेल्या माणसासारखा. धाकट्यानं पुढचं गाणं लावलं. त्यातही तेच.

“ड्रम कुठायत? माझी गिटार कुठाय?”

“पुसली. तुला ती मुळासकट काढून हवी होती ना? मुळं तुझ्या गिटारीपर्यंत गेली होती.”

धाकट्यानं घर डोक्यावर घेतलं. टेबलावर हात आपटले, ताईला नाही नाही ते बोलला. ताईनं उलट एक अक्षर काढलं नाही. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे त्याचाच आवाज हळूहळू उतरला.

“एवढी मर मर मेलीस त्यावर,” तो म्हणाला. “पुसताना तुला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं ना,” ताई म्हणाली. “तुझी बायको गेली तेव्हा तुला जेवढं वाटलं, त्याहून जास्त.”