सयाजी आबांचं बरं बरं

सयाजी आबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि त्यांच्याकडे एकच शब्द उरला. तोही जोडीनं, "बरं बरं." चहा देऊ? बरं बरं. टीव्ही बंद करू? बरं बरं. वाशीच्या फळबाजारात आंब्याच्या पेट्यांवरून घासाघीस करण्यात ज्याची उभी हयात गेली, तो माणूस आता कशालाच नाही म्हणेना. घरच्यांची सोयच झाली म्हणा की!

थोरला मुलगा कुलदीप म्हणाला, "आबा, तुमाला गावीच सोडतो. इथं जुईनगरात दिवसभर कोण बघणार?" आबा म्हणाले, बरं बरं. झालं, होकार मिळाला. रविवारची गाडीही ठरली. पण भरलेली बॅग आबा सारखी उपसत आणि सदरे बाहेर फेकत. कुलदीपच्या मते हा डोकं फिरल्याचा पुरावा.

धाकट्या लेकीचा, ज्ञानेश्वरीचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. आबांना नक्की काय हवंय, हे कळेपर्यंत तिला घास गोड लागेना. मेंदूत भाषा कशी चालते यावर विद्यापीठात संशोधन करणारी स्नेहल आबांना तपासायला घरी येई. शनिवारी तिने चित्रं दाखवली, प्रश्न विचारले. उत्तर ठरलेलं.

"वाचा गेली म्हणजे समज गेली असं नसतं," स्नेहल म्हणाली. "पण या 'बरं'वर मी विश्वास ठेवणार नाही. मान डोलावण्यावरही नाही. दुसरी कुठली खूण येते का त्यांना?"

ज्ञानेश्वरी ताडकन उठली आणि टॉवेल घेऊन आली. बाजारात आंब्याचा सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. पटला तर हात घट्ट धरायचा, नाहीतर झटकायचा. आबांचा उजवा हात लुळा पडलेला, म्हणून तिने डावा हात टॉवेलखाली धरला.

"काका, तुमचं नाव भैरू?" स्नेहलने विचारलं. हात झटकला गेला. "सयाजी?" घट्ट धरला. तिने उलटसुलट बरंच विचारलं. एकदा आबा चुकले, बाकी चोख. कुलदीप दारात येऊन उभा राहिला होता.

"आबा," ज्ञानेश्वरीने विचारलं, "गावाला जायचंय?"

आबांनी हात असा झटकला की टॉवेल उडून कुलदीपच्या पायाशी पडला. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि तोंड आपलं म्हणतच होतं, "बरं बरं. बरं बरं."