कोरा डबा

बाबा इतवारी बाजारातल्या एका कारखान्यात पत्र्याचे डबे बनवायचे. मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. कपाशीवर मारायची विषारी भुकटी त्या डब्यांत भरून गावोगाव जाई. भुकटीला सगळे औषधच म्हणत, बाबाही. डब्याचं झाकण असं बसायचं की मुंगी शिरणार नाही. बाबांना त्याचं भारी कौतुक होतं, आणि मलाही.

हंगाम संपला की रिकामे डबे भंगारातून बाजारात येत. आमच्या मोहल्ल्यात चांगला डबा फेकणं म्हणजे पापच. बायका तो राखेने घासायच्या, उन्हात वाळवायच्या, हळदी-कुंकवाची बोटं लावायच्या आणि ज्वारीचं पीठ भरायच्या. वास गेला की विषही गेलं, अशी सगळ्यांची समजूत होती.

शेजारच्या काकूंची धाकटी पोर वेणी घालून घ्यायला रोज माझ्याकडे यायची. एका सकाळी सगळ्यांआधी भाकर खाल्ल्यावर तिला उलट्या सुरू झाल्या, अंगाला झटके येऊ लागले. बाबांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. घरात विष होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "आमच्या घरी जहर कुठून येईन?" मग डॉक्टरांनी पीठ कशात ठेवता ते विचारलं. दुपारी पोर गेली.

संध्याकाळी बाबांनी काकूंचा पिठाचा डबा हातोड्याने फोडला. मजबुतीसाठी ते तळाची कड दुमडून घेत. त्या दुमडीत पांढरट भुकटी बसली होती. राख तिथवर पोहोचतच नव्हती. बाबा बराच वेळ त्या पत्र्यावर बोट फिरवत बसले. मला त्यांची दया आली आणि त्यांचा रागही आला.

आठवडाभरात त्यांनी नवा नमुना बनवला आणि मालकापुढे ठेवला. "तोंड एवढं बारीक केलं की हात जात नाही. औषध ओतता येते, पण पीठ कोण भरन यात?"

मालक हसला. "काहून गा, धंदा बुडवतं काय माहा? गिऱ्हाईक औषध पाहून नाही, डबा पाहून घेते. घरी कामात येते म्हणून."

मालक काही राक्षस नव्हता. मयतीच्या घरी त्याने गव्हाचं पोतं पाठवलं होतं, आणि याचाच मला जास्त संताप येतो. पुढच्या हंगामात त्याने डब्यावर कमळं छापायला सांगितली. बाबांनी मान खाली घालून तेही डबे बनवले. आमचं घर त्यावरच चालत होतं.

त्या दिवसापासून काकू पीठ मडक्यात ठेवत. मडक्याला उंदीर लागले, तेव्हा त्यांनी बाबांना एक कोरा डबा मागितला. बाबांनी कारखान्यातून आणून दिला, कमळं छापलेला. काकूंनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"हा कोराच हाय ना, भाऊजी?"

"कोराच हाय, वहिनी. आजच बनवला मी."

"अन् बाजारातला घासलेला याच्या बाजूले ठेवला, तर कोणता कोरा, हे मले कसं समजन?"

काकूंनी डबा आमच्या ओट्यावर ठेवला आणि थोरल्या पोराचा हात धरून त्या घरी गेल्या.