सेन्सरच्या टोकाला कुंकू

भोसरीतल्या एका कारखान्यात चाकणला जाणारे गिअर साबणपाण्याच्या टाकीत धुतात. त्या टाकीत मी ऑप्टिकल फायबरचा सेन्सर बसवून दिला होता. फायबरच्या उघड्या टोकातून किती प्रकाश परत येतो, त्यावरून पाण्यात साबण किती उरलाय ते कळतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. गिअर तेलकट निघत होते, दुपारी माल जायचा होता आणि सेन्सर मात्र साबण भरपूर आहे म्हणत होता.

"काढून न्या राव तुमचं हे खोटारडं खेळणं!"

मी धावत गेलो, सेन्सर बाहेर काढला. अहाहा! टोकावर दसऱ्याच्या यंत्रपूजेचं लालभडक कुंकू, तेही धुऊन जाऊ नये म्हणून तेलात कालवलेलं! बिचारा फायबर पाण्याऐवजी कुंकवाचं माप सांगत होता. कारखान्याच्या मालकाला डोळा कुठला आणि कपाळ कुठलं, एवढंही कळू नये!

मी टोक पुसलं. आकडा धाडकन खाली आला. साबण ओतल्यावर गिअर लख्ख निघाले आणि गाडी वेळेवर सुटली.

मालकांनी हात जोडले. मला नव्हे, टाकीला.

"बघा, उशिरा का होईना, पूजा पावली. पुढच्या वर्षी सेन्सरवर नारळच फोडू!"